तारापूर ते बोईसर: वीज नेमकी कुठून जाते?

तारापूरच्या अणुवीज केंद्रातून बोईसरला वीज येते, पण तिथल्या जनित्रातला एकही इलेक्ट्रॉन बोईसरपर्यंत येत नाही. येऊच शकत नाही. जनित्रातून निघालेला प्रवाह ट्रान्सफॉर्मरच्या एका गुंडाळीत शिरतो आणि तिथूनच मागे फिरतो. ज्या गुंडाळीतून ४०० केव्हीची लाइन बाहेर पडते ती वेगळी असते. दोन्हींच्या मध्ये कागदाचं आणि तेलाचं इन्सुलेशन असतं. या बाजूचे इलेक्ट्रॉन त्या बाजूला जायला लागले, तर वीज पोहोचली असं कुणी म्हणत नाही, ट्रान्सफॉर्मर जळाला असं म्हणतात.

बरं, लाइनवर चढल्यावर तरी इलेक्ट्रॉन धावतात का? तारापूरचे पहिले दोन संच १९६९ साली सुरू झाले. पुढचे दोन, प्रत्येकी ५४० मेगावॉटचे, २००५-०६मध्ये आले. यातल्या एका मोठ्या संचाची सगळी वीज ४०० केव्हीच्या एकाच थ्री-फेज लाइनवर टाकली असं धरू. प्रत्येक फेजमध्ये साधारण ७८० अँपिअर प्रवाह येईल. ॲल्युमिनियमच्या जाड तारेत मोकळे इलेक्ट्रॉन इतके प्रचंड असतात की एवढा प्रवाह वाहायला त्यांना फारसं हलावंच लागत नाही. त्यात आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १०० वेळा दिशा बदलणारी. उष्णतेमुळे त्यांची जी सैरावैरा धावपळ चालू असते ती बाजूला ठेवली, तर या प्रवाहापायी इलेक्ट्रॉन केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी अंतर पुढेमागे झुलतात. बस्स, एवढंच.

मग दहा-पंधरा किलोमीटरवरच्या औद्योगिक वसाहतीत पंप, कॉम्प्रेसर आणि भट्ट्या चालवणारी ऊर्जा येते कुठून? म्हणजे अक्षरशः कुठून, कोणत्या वाटेनं?

याचं उत्तर १८८४ साली जॉन हेन्री पॉइंटिंग या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञानं दिलं. त्याच सुमारास ऑलिव्हर हेविसाइडही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षावर पोहोचला होता. ऊर्जा तारेच्या आतून जात नाही, ती तारांभोवतीच्या मोकळ्या जागेतून जाते. तारांच्या भोवती विद्युत क्षेत्र असतं, प्रवाहामुळे चुंबकीय क्षेत्रही असतं. ही दोन्ही जिथे जिथे एकत्र असतात तिथे त्यांच्या गुणाकारातून ऊर्जेच्या प्रवाहाची दिशा आणि तीव्रता निघते. लाइनभोवती हा गुणाकार मांडून पाहिला तर दिसतं ते असं: ऊर्जेचा लोंढा तारांच्या जवळून, पण तारांच्या बाहेरून, लाइनला समांतर सरकतो आहे. त्यातला एक छोटा हिस्सा मात्र आडवा वळून तारेत शिरतो. तारेत शिरणारी ही ऊर्जा बोईसरला पोहोचत नाही. तिची उष्णता होते, आणि वीज कंपनीच्या हिशोबात ती गळती म्हणून नोंदली जाते.

म्हणजे तारेच्या आत गेली ती ऊर्जा वाया गेली, कामाची ऊर्जा आली ती हवेतून! इथे कुणीही शहाणा माणूस थबकेल. टॉवरच्या दोन तारांमधल्या रिकाम्या जागेतून शेकडो मेगावॉट वाहत आहेत, हे खरंच घडतं आहे, की फक्त कागदावरचं गणित आहे? विद्युतचुंबकीय क्षेत्र ही वस्तू आहे की वहीतली सोय? प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे, आणि त्याच्या उत्तराच्या शोधात कोल्हापुरात जन्मलेल्या एका मराठी शास्त्रज्ञाचं मोठं काम आहे. त्याच्याकडे येऊच; आधी साधे पुरावे तपासू.

दिसतं ते पुरेसं नाही

बोईसर आणि वाडा पट्ट्यातल्या पोलादाच्या कारखान्यांत इंडक्शन भट्टी वापरतात. भंगार लोखंड एका भांड्यात भरतात. भांड्याला आतून भाजलेल्या मातीसारख्या, उष्णता सोसणाऱ्या मसाल्याचं जाड अस्तर असतं आणि बाहेरून तांब्याच्या पोकळ नळीचे वेढे. नळीतून एकाच वेळी शेकडो हर्ट्झचा प्रवाह आणि थंड पाणी वाहत असतं. ज्वाळा नाही, कोळसा नाही. भांड्यातलं लोखंड आधी लाल, मग पिवळं होतं आणि १५०० अंशांच्या पुढे पाण्यासारखं हिंदकळू लागतं. त्याच्यापासून वीतभर अंतरावरची तांब्याची नळी मात्र पाण्यामुळे हात सोसेल एवढीच गरम असते. मधल्या अस्तरातून वीज वाहत नाही. ते तापतं ते लोखंडामुळे, लोखंड त्याच्यामुळे तापत नाही. नळी आणि लोखंड यांचा एकमेकांना स्पर्श नाही, तरी टनावारी धातू वितळतो.

दुसरं उदाहरण ब्रिटनमधलं. २००४ साली रिचर्ड बॉक्स या कलाकारानं ब्रिस्टलजवळ उच्च दाबाच्या लाइनखालच्या शेतात १३०१ ट्यूबलाइट जमिनीत उभ्या रोवल्या. कुठलीही वायर नाही, चोक नाही, स्टार्टर नाही. अंधार पडला आणि सगळं शेत फिकट उजेडानं भरून गेलं. (हा प्रयोग आपल्याकडच्या लाइनखाली करायला जाऊ नये, हातात लांब वस्तू उभी धरून ४०० केव्हीखाली उभं राहणं जिवावर बेतू शकतं.)

तिसरं उदाहरण रेल्वेचं. विरारच्या पुढे पालघर, बोईसर, डहाणूकडे ओव्हरहेड वायरमध्ये २५ हजार व्होल्टचा एसी प्रवाह असतो. रुळांना समांतर जाणाऱ्या टेलिफोनच्या तारेत या प्रवाहामुळे आपोआप व्होल्टेज उभं राहतं. म्हणून एसी विद्युतीकरण करताना रेल्वेला खांबांवरच्या उघड्या टेलिफोन तारा काढून जमिनीखाली केबल टाकाव्या लागतात. शिवाय जागोजाग बूस्टर ट्रान्सफॉर्मर बसवून परतीचा प्रवाह रुळांतून आणि जमिनीतून भरकटू न देता वरच्या स्वतंत्र तारेतून खेचून घ्यावा लागतो. रुळांलगतच्या लांब तारेच्या कुंपणालाही अर्थिंग लागतं.

हे सगळं पाहिलं की क्षेत्र 'आहे' असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. पण हट्टी विरोधक इथे हरत नाही. तो म्हणेल, "नळीतल्या इलेक्ट्रॉनांनी लोखंडातल्या इलेक्ट्रॉनांना हलवलं. लाइनमधल्या प्रभारांनी ट्यूबमधल्या प्रभारांना हलवलं. ओव्हरहेड वायरनं टेलिफोनच्या तारेला. प्रत्येक वेळी तुम्ही मला दोन टोकांच्या वस्तू दाखवता. मधलं काही दाखवलंत का?" आणि तो खरं बोलतो आहे. क्षेत्र मोजायचं तर कुठला तरी प्रभार तिथे ठेवून त्याच्यावर काय बल लागतं ते पाहावं लागतं. प्रभार काढून घेतल्यावर तिथे काय उरतं, ते प्रभाराशिवाय कसं पाहणार?

न्यूटनची अस्वस्थता, फॅरेडेच्या रेषा

ही विरोधकाची भूमिका खुळचट नव्हती. एकोणिसाव्या शतकात युरोपातले बडे गणिती तिचेच पाईक होते. न्यूटननं गुरुत्वाकर्षणाचा नियम दिला, त्यात सूर्य आणि पृथ्वी एकमेकांना ओढतात, मध्ये काहीही नसताना. खुद्द न्यूटनला हे पटलेलं नव्हतं. १६९३ साली रिचर्ड बेंटली या धर्मपंडिताला लिहिलेल्या पत्रात त्यानं मध्यस्थाशिवाय दुरून होणाऱ्या क्रियेची कल्पना बुद्धीला न पटणारी ठरवली होती. पण सूत्र चोख चालत होतं, त्यामुळे पुढच्या पिढ्यांनी त्याची अस्वस्थता विसरून सूत्र तेवढं घेतलं. अँपिअर आणि विल्हेल्म वेबर यांनी विजेसाठीही तशीच सूत्रं रचली: हा प्रवाह, तो प्रवाह, मधलं अंतर आणि थेट बल.

मायकेल फॅरेडे हा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला माणूस. त्याला उच्च गणित येत नव्हतं. १८३१मध्ये त्यानं विद्युत-चुंबकीय प्रवर्तन शोधलं. तारापूरचं जनित्र, ट्रान्सफॉर्मर आणि बोईसरची भट्टी ही सगळी त्याच शोधाची पिलावळ. चुंबकाभोवती लोखंडाचा कीस टाकल्यावर उमटणाऱ्या वक्र रेषा पाहताना त्याची खात्री पटत गेली की चुंबकाइतकीच महत्त्वाची आहे ती चुंबकाभोवतीची जागा.

जेम्स क्लर्क मॅक्सवेलनं या अंतर्दृष्टीला गणित दिलं. सुरुवातीला, १८६१-६२च्या सुमारास, त्यानं अवकाश फिरत्या भोवऱ्यांनी आणि त्यांच्यामधल्या छोट्या गोळ्यांनी भरलेलं असल्याचं एक यंत्र कल्पिलं आणि त्यातून समीकरणं काढली. १८६५च्या निबंधात त्यानं भोवरे आणि गोळ्या बाजूला ठेवल्या, समीकरणं राखली. समीकरणांतून निघालेल्या लहरींचा वेग प्रकाशाच्या वेगाशी जुळला. १८८७-८८मध्ये जर्मनीत हाइनरिख हर्ट्झनं त्या लहरी प्रयोगशाळेत निर्माण करून पकडल्या. १८९५मध्ये कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी त्याहून कितीतरी आखूड लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली.

सातपाटीची बोट आणि मधला काळ

लहरींना वेळ लागतो, आणि विरोधकाची खरी कोंडी सुरू होते ती इथे.

पालघर तालुक्यातल्या सातपाटीहून मासेमारीच्या बोटी समुद्रात जातात. किनारा मागे पडत जातो तसा मोबाइलच्या पडद्यावरच्या रेंजच्या कांड्या कमी होत जातात. पृथ्वीच्या गोलाईमुळे टॉवर क्षितिजाआड जातो हे एक कारण. पण जुन्या टूजी म्हणजे जीएसएम यंत्रणेत दुसरीही एक मर्यादा होती, आणि ती सिग्नलच्या ताकदीची नव्हतीच. या यंत्रणेत प्रत्येक फोनला बोलायला सेकंदाचा एक चिमुकला तुकडा नेमून दिलेला असतो. दूरच्या फोनचा संदेश उशिरा पोहोचतो आणि शेजारच्याच्या तुकड्यात घुसू पाहतो. म्हणून टॉवर प्रत्येक फोनला सांगतो, "तू इतका आधी बोलायला लाग." हे 'इतका आधी' पायऱ्या-पायऱ्यांनी ठरतं, एक पायरी म्हणजे साधारण ५५० मीटर अंतर. पायऱ्या शून्य ते ६३. त्यामुळे ३५ किलोमीटरच्या पलीकडे, सिग्नल कितीही खणखणीत असला, तरी नेहमीच्या जीएसएम टॉवरशी बोलणं जमत नसे. लहरीला लागणारा वेळ ही अशी कॉल होणार की नाही हे ठरवणारी रोखठोक गोष्ट आहे. तारापूर-बोईसर लाइनवरही हा उशीर आहेच, पण तीस ते पन्नास मायक्रोसेकंदांचा. ५० हर्ट्झच्या एका आवर्तनाला २० हजार मायक्रोसेकंद लागतात. म्हणून सबस्टेशनमधला इंजिनीअर रोजच्या कामात त्याकडे दुर्लक्ष करू शकतो.

आता सूर्याकडे पाहा. घोलवडच्या चिकूच्या पानावर या क्षणी पडणारं ऊन सूर्यावरून सुमारे ५०० सेकंदांपूर्वी निघालं. ते निघालं तेव्हा सूर्याची तेवढी ऊर्जा कमी झाली. पानाला ती आत्ता मिळाली. मधली आठ मिनिटं ती कुठे होती? सूर्यात नव्हती, पानात नव्हती. बोईसरच्या कामगारानं गावी मनीऑर्डर केली, त्याच्या खिशातले पैसे गेले आणि आईच्या हातात अजून पडले नाहीत, तर मधल्या काळात ते पैसे टपाल खात्याकडे असतात. कुणाकडेच नाहीत असं म्हटलं तर खात्याचा हिशोबनीस नोकरीतून जाईल. हा प्रश्न मॅक्सवेलनं १८७३च्या आपल्या मोठ्या ग्रंथाच्या अगदी शेवटी विचारला आहे: एका कणाकडून दुसऱ्याकडे जाणारी गोष्ट पहिल्यापासून सुटली आणि दुसऱ्यापर्यंत पोहोचली नाही, तेव्हा तिची अवस्था काय? क्षेत्र खरं मानलं की उत्तर मिळतं: ऊर्जा मधल्या जागेत, क्षेत्रात आहे. किती, तेही सांगता येतं. पृथ्वीच्या वातावरणाबाहेर प्रत्येक घनमीटर उन्हात साधारण साडेचार मायक्रोज्यूल ऊर्जा असते.

ऊर्जेसोबत क्षेत्र धक्काही घेऊन जातं. माथ्यावरचं दुपारचं ऊन एक हेक्टर चिकूवाडीला खाली दाबतं; तो दाब सगळा मिळून तीन-साडेतीन ग्रॅम वजनाएवढा भरतो. रशियात लेबेदेवनं आणि अमेरिकेत निकल्स व हल यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर प्रकाशाचा हा दाब प्रयोगशाळेत मोजला. २०१०मध्ये जपाननं सोडलेल्या इकारोस यानानं अंतराळात पातळ शीड उभारलं आणि उन्हाच्या या धक्क्यावर आपला वेग बदलून दाखवला. ज्याला ऊर्जा आहे, जे ढकलतं, जे निघाल्यानंतर निघणाऱ्याचं काही झालं तरी आपल्या वाटेनं जातच राहतं, त्याला केवळ वहीतली सोय म्हणणं अवघड आहे.

आपण घातलेली भर

मात्र क्षेत्र खरं मानलं म्हणून त्याच्या चित्रातली प्रत्येक रेघ खरी ठरत नाही. लोखंडाच्या किसाच्या रेषा हा किसाच्या कणांनी एकमेकांना चिकटून केलेला खेळ आहे. चुंबकीय क्षेत्र दोन रेषांच्या मध्येही तितकंच असतं. पुस्तकातल्या बाणांची संख्या चित्रकार ठरवतो.

व्होल्टचंही तसंच. ओव्हरहेड वायरवर कावळा निवांत बसतो, कारण त्याच्या दोन्ही पायांना सारखेच २५ हजार व्होल्ट आहेत. 'शून्य व्होल्ट' आपण जमिनीला ठरवलं. उद्या वायरलाच शून्य म्हटलं तर जमीन उणे २५ हजारांवर जाईल आणि जगात काहीही बदलणार नाही. खरा असतो तो फरक.

याहून खोल गोष्ट आइन्स्टाइननं १९०५मध्ये दाखवली. पालघरच्या फलाटावर विद्युतप्रभार असलेला एक गोळा ठेवला आहे असं समजा. फलाटावरच्या माणसाला त्याच्याभोवती फक्त विद्युत क्षेत्र आढळेल. फलाटाजवळून न थांबता जाणाऱ्या एक्स्प्रेसमधल्या माणसाच्या दृष्टीनं तोच गोळा मागे धावतो आहे; धावता प्रभार म्हणजे प्रवाह, म्हणून त्याला चुंबकीय क्षेत्रही आढळेल. दोघंही बरोबर आहेत. 'विद्युत' किती आणि 'चुंबकीय' किती ही वाटणी पाहणाऱ्याच्या गतीवर अवलंबून असते. त्या दोन्हींचं मिळून जे एक बनतं त्याची काही मोजमापं मात्र दोघांची सारखीच येतात. फलाटावरच्या माणसाचं निव्वळ विद्युत क्षेत्र कुठल्याही वेगाच्या गाडीतून निव्वळ चुंबकीय दिसणार नाही. तेव्हा वाटणी आपली, पण जे वाटलं ते आपलं नाही.

क्षेत्राविना वीज: फाइनमन, हॉइल आणि नारळीकर

इथे लेख संपवता आला असता, पण विरोधकाची सगळ्यात तगडी बाजू अजून यायची आहे.

क्षेत्र खरं मानण्यात एक जुनं दुखणं आहे. इलेक्ट्रॉनच्या भोवती त्याचं स्वतःचं क्षेत्र असतं, आणि जसजसं जवळ जावं तसतसं ते वाढत जातं. इलेक्ट्रॉन हा बिंदू मानला तर त्याच्या क्षेत्रातली ऊर्जा अनंत येते. १९४०च्या सुमारास प्रिन्स्टनमध्ये संशोधन करणाऱ्या तरुण रिचर्ड फाइनमनला वाटलं, क्षेत्रच काढून टाकलं तर? इलेक्ट्रॉन फक्त दुसऱ्या इलेक्ट्रॉनवर परिणाम करतो, स्वतःवर नाही. अनंताचा प्रश्नच मिटला. प्रकाशाच्या वेगाचा उशीर सूत्रातच घालायचा. अशी कल्पना गाउसनं १८४५मध्येच वेबरला लिहिलेल्या पत्रात बोलून दाखवली होती.

अडचण एकच. अँटेनातला इलेक्ट्रॉन लहरी सोडताना ऊर्जा गमावतो, म्हणजे त्याच्यावर मागे खेचणारं काहीतरी लागतं. त्याचं स्वतःचं क्षेत्रच नसेल तर खेचतं कोण? फाइनमन आणि त्याचा मार्गदर्शक जॉन व्हीलर यांचं उत्तर धक्कादायक होतं: बाकीचं सगळं विश्व. त्यांच्या सिद्धांतात प्रत्येक प्रभाराची क्रिया निम्मी भविष्याकडे आणि निम्मी भूतकाळाकडे जाते. भविष्याकडे गेलेली क्रिया दूरदूरचं द्रव्य शोषून घेतं, आणि त्याची प्रतिक्रिया काळात उलटी येऊन मूळ इलेक्ट्रॉनवर नेमक्या त्याच क्षणी पोहोचते. ही प्रतिक्रिया भूतकाळाकडे गेलेला निम्मा भाग पुसून टाकते, भविष्याकडचा भाग पूर्ण करते आणि इलेक्ट्रॉनला हवं तेवढं मागे खेचते. फाइनमननं यावर दिलेल्या पहिल्या व्याख्यानाला आइन्स्टाइन, पाउली आणि फॉन नॉयमन समोर बसले होते. व्हीलर-फाइनमन निबंध १९४५ आणि १९४९मध्ये प्रसिद्ध झाले.

पण शोषणारं विश्व कसं आहे, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. स्थिर, न प्रसरणारं विश्व घेतलं तर गणित भूत आणि भविष्य या दोन्ही बाजूंना सारखंच चालतं; लहर पुढेच का जाते याचं उत्तर मिळत नाही. १९६२मध्ये जे. ई. हॉगार्थ यांनी दाखवलं की विश्व प्रसरण पावतं हे लक्षात घेतलं तर चित्र पालटतं. नेमक्या याच जागी केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल आणि त्यांचे विद्यार्थी जयंत नारळीकर यांनी हा धागा उचलला. १९६४मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आलेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा: सतत पसरत आणि विरळ होत जाणाऱ्या महास्फोटाच्या विश्वात भविष्यातलं द्रव्य लहरी पुरतेपणी शोषायला अपुरं पडतं, त्यामुळे लहरी उलट्या दिशेनं जायला हव्यात, पसरतानाच नवं द्रव्य निर्माण होऊन घनता कायम राखणाऱ्या स्थिर-स्थिती विश्वात मात्र भविष्य पूर्ण शोषक असतं आणि लहरी आपल्या अनुभवाप्रमाणे पुढे जातात.

जरा थांबून याचा अर्थ लावून पाहा. सातपाटीच्या बोटीवरून केलेल्या फोनची लहर कॉल लावल्यानंतरच निघते, आधी नाही, या क्षुल्लक वस्तुस्थितीवरून सगळ्या विश्वाचं भवितव्य कसं आहे हे ताडता येईल, असा हा दावा होता. मराठी वाचकाला 'हॉइल-नारळीकर सिद्धांत' म्हटलं की त्याच वर्षी गाजलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत आठवतो. त्याच्या मुळाशी हीच वृत्ती होती: मधल्या क्षेत्राला फाटा द्यावा आणि प्रत्येक कणाचं बाकीच्या विश्वाशी थेट नातं मांडावं. १९६९ आणि १९७१च्या निबंधांत दोघांनी ही कल्पना पुंजवादात नेली. अणू आपणहून प्रकाश सोडतो याचं कारण एरवी निर्वात पोकळीतल्या क्षेत्राच्या चढउतारांकडे जातं. हॉइल आणि नारळीकरांनी तेही काम विश्वाच्या प्रतिक्रियेकडे सोपवलं. नारळीकर १९७२मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. तारापूर ज्या अणुऊर्जा कार्यक्रमातून उभं राहिलं त्याचे शिल्पकार होमी भाभा यांनीच स्थापन केलेली ही संस्था. १९७४मध्ये हॉइल आणि नारळीकर यांचं दुरून होणाऱ्या क्रियेवरचं पुस्तक आलं. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेची उभारणी करतानाही नारळीकरांनी हा विषय सोडला नाही. १९९६मध्ये त्यावर दोघांच्या व्याख्यानांचं पुस्तक निघालं.

हा मार्ग मुख्य रस्ता झाला नाही. १९६५मध्ये सापडलेल्या वैश्विक सूक्ष्मलहरींच्या पार्श्वभूमीनं स्थिर-स्थिती विश्वाची बाजू लंगडी केली. १९७३मध्ये आर. बी. पार्ट्रिज यांनी सूक्ष्मलहरी एकदा जवळच्या शोषकाकडे आणि एकदा मोकळ्या आकाशाकडे सोडून पाहिल्या. विश्वाचं शोषण अपुरं असेल तर मोकळ्या आकाशाकडे सोडताना प्रक्षेपकातून कमी ऊर्जा जायला हवी होती. तसा फरक आढळला नाही. स्वतः फाइनमनही पुढे या कल्पनेपासून दूर गेला: हायड्रोजनच्या वर्णपटात १९४७मध्ये सापडलेला सूक्ष्म फरक समजावायला इलेक्ट्रॉनची स्वतःवरची क्रिया लागतेच, असं त्याचं मत झालं.

पण हॉइल आणि नारळीकरांच्या कामातून मला या वादाचं सगळ्यात स्पष्ट उत्तर मिळतं. क्षेत्राशिवाय विद्युतशास्त्र रचता येतं; त्यांनी ते तपशिलात रचून दाखवलं. म्हणजे 'क्षेत्र मानल्यावाचून गत्यंतरच नाही' असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. मात्र त्याची किंमत किती ते पाहा. बोटीवरच्या फोनची बॅटरी का उतरली, हे सांगायला अब्जावधी प्रकाशवर्षं दूरच्या आणि अजून न घडलेल्या शोषणाचा हवाला द्यावा लागतो. क्षेत्र मानलं की तोच हिशोब फोनच्या भोवतीच्या वीतभर जागेत, त्याच क्षणी पुरा होतो.

आज आपण कुठे आहोत

आजचं पुंजभौतिक क्षेत्राच्या बाजूनं आणखी पुढे गेलं आहे. त्यात प्रकाशाचा कण, फोटॉन, हा विद्युतचुंबकीय क्षेत्राचा एक थरार आहे, आणि इलेक्ट्रॉन हा इलेक्ट्रॉन-क्षेत्राचा. 'तारेतले कण खरे, क्षेत्र कल्पित' ही विरोधकाची सहज समजूत तिथे उलटीच होते. १९५९मध्ये आहारोनोव्ह आणि बोम यांनी आणखी एक पेच टाकला: चुंबकीय क्षेत्र पूर्ण शून्य असलेल्या वाटेनं गेलेल्या इलेक्ट्रॉनवरही, ती वाट बंदिस्त चुंबकाला वळसा घालत असेल तर, परिणाम होतो. जपानच्या अकिरा तोनोमुरांनी १९८६मध्ये अतिवाहक धातूनं मढवलेल्या इवल्या कड्यांवर तो नि:संशय दाखवला. तेव्हा मॅक्सवेलच्या दोन क्षेत्रांत सगळं वास्तव मावत नाही, हेही कळून चुकलं आहे.

पालघरकरांच्या रोजच्या काळजीचाही एक मुद्दा इथे येतो. क्षेत्र खरं आहे याचा अर्थ ते घातक आहे असा होत नाही. लाइनभोवतीचं क्षेत्र आणि अणुभट्टीतला किरणोत्सर्ग यांचा एकमेकांशी संबंध नाही; तारापूरहून आलेल्या लाइनमधून किरणोत्सर्ग येत नाही, ती कोळशाच्या वीजकेंद्राच्या लाइनसारखीच असते. जे खरं असतं ते मोजता येतं आणि त्याला मर्यादा घालता येते. ५० हर्ट्झच्या क्षेत्रासाठी आंतरराष्ट्रीय आयोगानं २०१०मध्ये सामान्य माणसाकरता मीटरला ५ हजार व्होल्ट आणि २०० मायक्रोटेस्ला या मर्यादा सुचवल्या आहेत. मोबाइल टॉवरसाठी भारतानं १ सप्टेंबर २०१२पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली. वाडीवरून लाइन जात असेल तर भीती किंवा बेफिकिरी या दोन्हींपेक्षा मीटर लावून मोजणं बरं.

राहता राहिला मूळ प्रश्न. रेषा, बाण, शून्य व्होल्ट, 'विद्युत' आणि 'चुंबकीय' ही वाटणी: ही आपली गणिती हत्यारं. पॉइंटिंगच्या सूत्रातही थोडी मोकळीक आहे. ऊर्जेच्या वाटेचा नकाशा थोडा वेगळा काढला तरी एकूण जमाखर्च तोच येतो. पण तारापूरच्या जनित्रातून गेलेली आणि बोईसरच्या भट्टीत अजून न पोहोचलेली ऊर्जा त्या पन्नास मायक्रोसेकंदांत कुठेतरी असते, आणि तिला नाव देणं भाग आहे. ते नाव नाकारायचं तर नाकारता येतं, मात्र मग एका भट्टीच्या वीजबिलाचा खुलासा करायला सगळ्या विश्वाच्या भविष्याला साक्षीला बोलवावं लागतं. हॉइल आणि नारळीकर ती साक्ष काढायला खरोखर निघाले होते, आणि तिची किंमत त्यांच्याच गणितातून आपल्याला कळली. ती पाहिल्यावर क्षेत्राला खरं म्हणणं मला जास्त स्वस्त आणि जास्त प्रामाणिक वाटतं.